कोठारात फुगलेली कणीक

ओनेझीमने घोंगडी बाजूला सारून कणकेच्या गोळ्यावर बोट टेकवलं. खळगा पडला आणि हळूहळू वर आला.

"फुगली रे पोरांनो, फुगली!"

तोफेभोवती पाय आपटत उभी असलेली सगळी माणसं धावत आली. आज नाताळानंतरचा तीन राजांचा सण, आणि सणाला अंडी-लोणी घातलेला गोड पाव हवाच. अंडी त्यांनी कुठून पैदा केली, हे सार्जंट गास्पारने विचारलं नव्हतं. पण बादलीतल्या पाण्याचा दगड होणाऱ्या थंडीत कणीक फुगायची कुठे? ऊबदार जागा साऱ्या ठाण्यावर एकच होती, शेगडीच्या खोलीला लागून जमिनीत खोदलेलं दारूगोळ्याचं कोठार. तिथे तोफेच्या दारूच्या पिशव्या जपून ठेवत. दारू गारठली की आळसावते, गोळा अलीकडेच पडतो, हे ओनेझीमला पाठ होतं. पण तोफवाला तो लढाईपुरता. पाववाला मात्र जन्माचा. कोठार पडलं इवलंसं. काल रात्री त्याने पिशव्या बाहेर बर्फावर ताडपत्रीखाली नेल्या आणि कणीक आत निजवली. तोफ दुपारनंतरच डागायची होती. तोवर पिशव्या आत जाऊन ऊब धरतील, असा त्याचा हिशेब.

पडक्या शेतघराची भट्टी पेटलेलीच होती. पाव आत सरकवून त्याने दार लावलं, तोच टेलिफोनवरचा तिबो ओरडला.

"तोफ तयार करा! आत्ता! पलीकडच्यांची मशीनगन सापडलीय!"

मग काय, एकच धावपळ. 'थोरली मावशी' म्हणत त्या तोफेला सगळे. तिच्या पोटात मणभर वजनाचा गोळा गेला. मागून पिशव्या सारायचं काम ओनेझीमचं. पहिली पिशवी हाती घेतली आणि बोटं बधिर झाली. त्याने तोंड उघडलं. पण गास्पारचा हात इशाऱ्यासाठी वर गेलेला होता. एवढ्याने काय होतंय, असं मनाशी म्हणून ओनेझीमने पिशव्या सारल्या.

जमीन हादरली. सगळे कानांवरचे हात काढून टेलिफोनकडे पाहू लागले.

"थांबवा! थांबवा!" तिबोचा चेहरा उतरला. "आपल्याच बाजूला पडला! खंदकामागच्या तळ्यावर!"

ओनेझीम टेलिफोनकडे झेपावला. त्याचा धाकटा भाऊ फिर्मँ त्याच खंदकात होता, आणि रोज सकाळी तळ्याचा बर्फ फोडून पाणी आणायचं काम त्याचंच होतं. याच वेळी.

"कोणी... तिथे कोणी होतं का? विचार ना!"

"लाईन गेली."

ओनेझीम तळ्याच्या दिशेने धावत सुटला. गास्पारने त्याला कमरेला धरून मागे ओढलं.

"वेडा झालास? उघड्यावरून निघालास, टिपतील तुला!"

"सोडा मला! त्या पिशव्या मी बाहेर ठेवल्या. मी!"

"ठेवू मी दिल्या," गास्पार पुटपुटला, पण पकड सोडली नाही.

ओनेझीम खाली बसला. भट्टीतून पावाचा वास येऊ लागला, तो त्याला सोसवेना. आईला काय सांगायचं, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत राहिलं.

"पाव जळतोय की काय तुमचा? लक्ष कुठंय, दादा?"

येण्याजाण्याच्या चरातून फिर्मँ वर आला. हातात रिकामी बादली, नाक लालबुंद.

"रसदवाले म्हणाले, दादाने कणीक भिजवलीय. म्हटलं, पाणी कुठं पळून जातंय? आधी पाव खाऊ. असे भूत बघितल्यासारखे काय बघताय सगळे?"

ओनेझीम उठला, त्याने भावाच्या पाठीत असा रपाटा घातला की बादली उडाली, आणि मग त्याला मिठीत घेऊन हमसून हमसून रडला. फिर्मँला काही कळेना. तेवढ्यात लाईन आली. तिबोने ऐकलं, आणि तो हसायला लागला तो थांबेचना.

"माणूस एकही नाही लागला! पण तळ्यातले मासे खंदकात येऊन पडलेत, हे एवढाले! मसूर खाऊन खाऊन विटले होते खंदकातले बिचारे. म्हणतात, शुक्रवारी मांस चालत नाही, तेव्हा असाच एक अलीकडे टाकाल का?"

सगळे पोट धरून हसले. गास्पारने तेवढ्यात दोघांना पिशव्या आत न्यायला पिटाळलं. ओनेझीमने भट्टीतून पाव काढला. एका बाजूने करपला होता, पण आतून कापसासारखा उतरला होता. मोठ्यात मोठा तुकडा त्याने भावाला दिला.

"बेष्टच!" फिर्मँ तोंड भरून म्हणाला. "पण आपल्याच तळ्यावर गोळा टाकणारा हा कोण दिवटा तुमच्यातला?"

हसणं थांबलं. गास्पार बूट झटकू लागला.

"मी," ओनेझीम म्हणाला. "दारू गारठली. कोठारात ही कणीक ठेवली होती."

फिर्मँचा घास तोंडातच राहिला. त्याने हातातल्या पावाकडे पाहिलं, मग खाली पडलेल्या बादलीकडे, मग भावाच्या तोंडाकडे.

मग घास गिळून त्याने हात पुढे केला.

"या पावापायीच तळ्यावर गेलो नाही मी. तर मग हा करपलेला भागही माझाच. आण इकडे."