हाताआधीचा समुद्र

ओहोटीची वेळ. देवगडच्या किनाऱ्यावर कोवळं, केशरी, ओलेतं ऊन पसरलं होतं. वाळू उघडी पडली होती, आणि त्या वाळूत बोटाच्या पेराएवढे, माशासारखे, पारदर्शक, बिनहाताचे जीव निवांत जगत होते.

किनाऱ्यालगतच्या दवाखान्यात चारुता कोयंडे सोनोग्राफीसाठी निजली होती. कॉलेजात ती जीवशास्त्र शिकवते. तिच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं जन्मापासून जोडलेली. तिच्या वडिलांची, आबांचीही तशीच. शाळेत पोरं तिला ‘बदक’ म्हणून चिडवत. आज तिचं एकच मागणं होतं: माझ्या बाळाचा हात तरी सुटा असू दे रे देवा!

काळालाही नाव नव्हतं तेव्हा, त्या बिनहाताच्या जीवांच्या अतिप्राचीन आप्तांत एक नवल घडलं. डोकं इथे, शेपूट तिथे, असं देहाला सांगणाऱ्या जनुकांची एक रांग नक्कल होताना दोनदा उतरली. अहो, चूकच ती! निव्वळ, आंधळी, अजाण चूक. पुढे पुन्हा तीच चूक. जनुकांच्या एका कुळाची चार कुळं झाली.

थोरल्या जनुकांनी जुनं काम सोडलं नाही. धाकट्या नकलांना नवं काही करायची मोकळीक मिळाली. त्या मोकळिकीत युगं गेली, लाटा गेल्या, पर्वत झिजले. आणि कणा आला, माशांचे पर आले, परांचे पंजे झाले, पंज्यांना बोटं फुटली. चूक झाली नसती तर हातच नसता! त्याच धाकट्यांपैकी एकातल्या आणखी एका चुकीत आबांच्या घरातल्या जोडबोटांचं मूळ होतं.

पडद्यावर करडा उजेड थरथरला. ओवलेल्या मण्यांसारखा कणा दिसला. धडधडणारं, अधीर हृदय दिसलं. मग हात.

डॉक्टर नाझनीन मुकादम यांनी ते चित्र मोठं केलं. “दोन बोटं जोडलेली दिसतायत गं, चारुता. बाकी सगळं छान आहे.”

सोबत आलेले आबा शेजारच्या स्टुलावरून पुढे झुकले. “ह्यां माझांच देणां गो, बाय.”

चारुताचे डोळे भरून आले. वाईट वाटलंच, का नाही वाटणार? आई होती ती. पण त्या इवल्या, धूसर, युगायुगांच्या हातावरून तिची नजर हलेना.

“तुमचां कसलां, आबा?” ती रडता रडता हसली. “समुद्राचां तां!”

पडद्यावर बाळानं हात उचलला. सावकाश, अगदी सावकाश तोंडाशी नेला. अंगठा चोखत, जोडलेली बोटं नाकाशी टेकवून, ते गाढ झोपी गेलं.