रबरी डोळ्याचा हेवा

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. ते सराव-यंत्र येईपर्यंत मी नुसता सूक्ष्मदर्शक होतो. ‘जुना’ मला त्याने केले.

नेत्रविभागाच्या शस्त्रक्रियागृहात माझा मान मोठा होता. थोरले सर माझ्यातून बघत मोतीबिंदू काढत. माझ्या बाजूच्या नळीतून शिकाऊ डॉक्टर बघत. काच काय सुरेख आहे, असे सगळे म्हणत आणि मी फुगत असे.

पुढे नवा सूक्ष्मदर्शक आला, मी कोपऱ्यात गेलो. तेही सोसले, तरी स्वतःला जुना म्हटले नाही. पण हे सराव-यंत्र! त्याच्या पोटात रबरी डोळा. ना रक्त, ना रुग्ण. चुकलात तर नुसती शिट्टी. तरी शिकाऊ डॉक्टर तासन्‌तास त्याच्यापुढे. माझा जळफळाट होई.

(आम्हाला होतो का जळफळाट? होतो. काचेवर वाफ धरते ना, तीच ती.)

मग शिकवणीचा दर्जा तपासायला समिती आली. सरांनी यंत्र कौतुकाने दाखवले. माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिले नाही. तपासनीस बाईंनी मात्र मुंगीला गाठले. मुंगी म्हणजे शेवटच्या वर्षाची डॉक्टर. हात सावकाश, म्हणून ते नाव.

“पूर्ण शस्त्रक्रिया स्वतः केलीस कधी?”

“अर्ध्यावर सर घेतात, मॅडम.”

“लवकरच एकटी बसशील. तेव्हा कोण घेणार?”

मुंगीने सरांकडे पाहिले. सर म्हणाले, रुग्णाच्या काळजीने घेतो. बाई म्हणाल्या, काळजी शेजारी बसूनही करता येते. उद्या हिने करावे, सरांनी बाजूच्या नळीतून बघावे.

नव्या सूक्ष्मदर्शकाला बाजूची नळीच नव्हती. विकत घेताना कुणी मागितलीच नव्हती.

मला पुसून आणले. माझ्याखाली एका आजोबांचा डोळा. अर्ध्यावर मुंगी सवयीने थांबली. सरांचा हात पुढे आला. थांबला. मागे गेला.

“चालू दे, बाळ.”

तिने शेवटपर्यंत केले. नीट केले.

मी कौतुकाची वाट बघत होतो. मुंगी मास्क काढत म्हणाली, “रबरी डोळ्यावर घोटून घेतलं होतं सर, म्हणून हात हलला नाही.”

ऐकलेत?

मित्रांनो, माझी काच मऊ कापडाने पुसा. शिकणाऱ्याला खुर्ची द्या आणि शेजारी बसा. त्या यंत्रावरही रोज कव्हर घाला, धुळीने बिघडते म्हणे.

मला दात नाहीत. असते, तर ही शेवटची सूचना दात-ओठ खात दिली असती.