एक मूळ, स्वभाव शांत

चूक तिचीच होती. बाळंतपणाच्या आधी चार वर्षं ती वरच्या मजल्यावरच्या वनस्पती खात्यात गवताळ माळावरच्या एका रोपट्याच्या नोंदी ठेवत होती. वीतभर उंची, चांदणीसारखं पिवळं फूल आणि जमिनीखाली बोटाएवढी, पांढरीशुभ्र, खाण्याजोगी मुळं. दिवसातून पन्नासदा 'मूळ, मूळ' लिहून हाताला वळणच पडलेलं, त्यात लेकीपायी झोपेचं खोबरं. पाळणाघराच्या अर्जात तिनं सरळ लिहून टाकलं, 'माझे एक मूळ दिवसभर सांभाळावे.'

अर्ज मंजूर झाला.

सोमवारी साडेनऊला दीड वर्षाच्या ठकीला कडेवर घेऊन ती तळमजल्यावर पोचली. दहाला टेबलाशी दिसली नाही, तर तिची जागा दुसऱ्या कुणाला जाणार, असं साहेबांनी लेखी कळवलं होतं.

पाळणाघराच्या ताईंनी चष्मा नाकावर ओढला. "मूळ कुठाय?"

"ही काय."

"हे मूल आहे. मंजुरी मुळाची आहे."

"अहो ताई, एका अक्षरानं काय आभाळ कोसळतंय?"

"वा! म्हणजे उद्या तुम्ही काळ लिहाल आणि आम्ही काल वाचायचं? दुरुस्ती समिती तीन महिन्यांनी बसते. आणि खरं सांगू, तुमचा अर्ज सगळ्यांत वर होता. 'चालते का? धड नाही. बोलते का? फारसे नाही. स्वभाव? शांत.' समितीतल्या एकांचे तर डोळे भरून आले. दहाच्या आत मूळ हजर करा, नाहीतर यादीत पुढं जुळी आहेत."

'शांत' लिहिताना ठकी तिच्या झिंज्या उपटत होती; पण आपला तो बाळ्या.

ती इमारतीमागं धावली. ज्या रोपट्यासाठी खात्यानं चार वर्षं लांबलांबचे माळ तुडवले, ते सायकली लावायच्या जागेशेजारी निवांत फुललेलं होतं. ठकीच्या पेजेच्या चमच्यानं तिनं माती उकरली, एक मूळ मोडून घेतलं, नळाखाली धुतलं आणि धापा टाकत परत आली.

ताईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं. "अगं बाई, किती रोडावलंय! अर्जात तर दहा किलो होतं." मग सात नंबरच्या पाळण्यात निजवून त्यांनी दुपटं वर ओढलं आणि थांबल्या. "मान कुठली?"

"जाड बाजू."

"तरीच." हजेरीवर बरोबरची खूण झाली.

दहाला सहा मिनिटं होती. पाळण्याची जागा वाचली, आणि ठकी कडेवर तशीच.

"आता हिचं काय करू, ताई?"

"ते मी कसं सांगणार? बाहेरच्या कुणाला आत थांबता येत नाही."

तिला रडू फुटणार, एवढ्यात ठकी पाळण्यावर ओणवी झाली. दुपटं भिरकावून तिनं मूळ उचललं आणि तोंडात घातलं.

आईचा हात झेपावला. बटण, कागद, चपलेचा पट्टा, काय काय काढलं होतं या हातानं त्या तोंडातून! आणि आज तो अर्ध्यावरच थबकला.

"चावून खा गं, माझी बाय," ती हळूच म्हणाली.

आठ दातांनी कुरुमकुरुम काम सुरू केलं. ताईंचा रंग उडाला.

"अहो! दाखल झालेलं मूळ! पाचच्या आत ते दाराबाहेर जाता कामा नये. नोकरी जाईल माझी!"

"बाहेर कुठं चाललंय? आत आहे ते. चांगलं आतच आहे."

ताईंनी ठकीच्या पोटाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि एका झटक्यात ठकीला आईच्या कडेवरून ओढून छातीशी घट्ट धरलं. "हिला आता इथून हलवायचं नाही! सांगून ठेवते!"

"बरं," आई म्हणाली. "पेज पिशवीत आहे. झोप आली की कान चोळते."

"नियम आम्हाला शिकवू नका. निघा."

ती निघाली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर कान टवकारून उभी राहिली. हुंदका नाही, हाक नाही. आतून ठकी खिदळल्याचा आवाज आला. बहुधा ताईंचा चष्मा हाती लागला असावा. निदान एकदा तरी 'आई' म्हणायचं होतं लबाडानं. दहाला दोन मिनिटं कमी असताना ती नाक पुसत वर धावली, आणि रिकामी कड अजून तशीच बाजूला काढलेली होती.