पाठीतली कळ

आमच्या धुलाईच्या कारखान्यात पाठ दुखणं ही कुणाला सांगायची गोष्टच नव्हती. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, टेबलावरची कापडं, सगळं ओलं असतानाच उचलावं लागायचं. यंत्रातून ओढून काढायचं, पिळायचं, वाळवायला न्यायचं. दुपारपर्यंत कुणाची ना कुणाची पाठ धरलेली असायचीच. त्यावर घरचा उपाय ठरलेला होता. इस्त्रीखालून गरम टॉवेल काढायचा आणि त्याची जाड घडी घालायची. ज्याची पाठ दुखते त्याने टेबलावर दोन्ही हात टेकून वाकायचं आणि दुसऱ्याने ती घडी कमरेवर दाबून धरायची. थोड्या वेळात आराम पडायचा आणि माणूस परत कामाला लागायचा.

त्या दिवशी सकाळपासून माझी पाठ दुखत होती. बाळंतपणाच्या तारखेला अजून पंधरवडा होता. पोट पुढे आल्यामुळे जड कामं माझ्याकडून काढून घेतली होती. मी फक्त जाऊबाईंबरोबर चादरींच्या घड्या घालत होते. जाऊबाईंना अजून मूलबाळ नव्हतं. त्यांना सगळे चिमटा म्हणायचे. अंगाने तशाच बारीक आणि बोलणंही तसंच, धरलं की सोडायच्या नाहीत.

आदल्याच आठवड्यात माझं पोट आवळून आलं म्हणून मला घाईघाईने दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तपासून परत पाठवलं. तेव्हापासून चिमटाताईंना विषय मिळाला होता. मला शिंक आली तरी त्या म्हणायच्या, गाडी काढायची का? त्यामुळे या वेळी खरं कळल्याशिवाय तोंड उघडायचं नाही असं मी ठरवलं होतं.

आणि खरं कधी कळेल, ते सासूबाईंनी मला सांगून ठेवलं होतं. त्या दोन मुलग्यांची आई. बाळंतपणाचं म्हणाल तर शेजारपाजारच्या बायकाही त्यांना विचारायला यायच्या. कळ पोटात येते, पोट दगडासारखं होतं. पाणी जातं तेव्हा कुणीतरी बादली ओतल्यासारखं जातं, कळल्याशिवाय राहतच नाही. पहिलटकरणीला अख्खा दिवस लागतो, तेव्हा उगाच धावपळ करायची नाही. हे सगळं त्या इतक्या ठामपणे सांगायच्या की माझ्या मनात ते कोरल्यासारखं बसलं होतं.

माझी कळ तर पाठीत होती. पोट नुसतं ओढल्यासारखं वाटायचं.

चादरीची घडी दोघींनी घालायची असते. दोन टोकं मी धरायची, दोन चिमटाताईंनी, आणि एकमेकींकडे चालत यायचं. मी अर्ध्यात आले की पाठीत काहीतरी पिळवटायचं, माझे पाय थांबायचे आणि मधली चादर लोंबायची. दोनतीनदा असं झाल्यावर ताई म्हणाल्या, "टेबलाला टेक, घडी लावते." त्यांनी गरम टॉवेल कमरेवर दाबून धरला. थोड्या वेळाने दुखणं ओसरलं. मी म्हटलं, बरं वाटलं. त्या म्हणाल्या, वाटणारच, माझा हात आहे तो.

पुन्हा दुखलं, पुन्हा घडी, पुन्हा थांबलं. सासूबाईंनी एकदा दाबली, एकदा तर पाण्याची भट्टी सांभाळणाऱ्या, भट्टीवाल्या काकांनी लांबूनच सल्ला दिला की जरा खाली, माकडहाडापाशी दाबा. प्रत्येक वेळी दुखणं थांबत होतं आणि प्रत्येक वेळी आम्हाला वाटत होतं की टॉवेलाचाच गुण आहे. ते आपोआप येतंय आणि आपोआप जातंय, हे चार माणसांत एकाच्याही डोक्यात आलं नाही.

नंतर मी हौदापाशी उभी होते. कापडाचा एप्रन पुढून भिजलेला, पायात रबरी चपला, खाली फरशी. आमची फरशी कधी कोरडी नसायचीच. मांड्यांवरून कोमट काहीतरी ओघळलं तेव्हा मला वाटलं एप्रन निथळतोय. यंत्रातून निघणारं पाणीही कोमटच असायचं. मी एप्रन पिळला आणि परत टेबलाकडे गेले.

टेबलापाशी पोचले आणि पुढची कळ आली. ती आधीच्या कळांसारखी नव्हती. पाठीतून निघून ती अशी काही खाली उतरली की माझ्या तोंडून आवाज निघाला, आणि तो आवाज माझा आहे हे मला पटेना. गुरासारखा खोल आवाज होता. अंग आपणहून जोर करत होतं. मी थांबवायला गेले तर थांबेना. आपलं शरीर आपल्याला न विचारता काही करू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. मला तर वाटलं माझ्या आत काहीतरी फाटलं आणि मी मरतेय.

चिमटाताई टॉवेल घेऊन मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, तू परसाकडला जाऊन ये बरं." मीही तसंच समजत होते. मी हात खाली नेला आणि माझ्या हाताला केस लागले.

ओले, मऊ केस. माझे नव्हेत.

मी ताईंचा हात धरला आणि खाली नेला. त्यांनी हात असा मागे घेतला जसा तापलेल्या इस्त्रीवरून घ्यावा. मग त्या सासूबाईंना हाक मारायला लागल्या, आधी साध्या आवाजात, मग ओरडून.

सासूबाई वाळवणाच्या खोलीतून आल्या. मी तोवर धुवायच्या चादरींच्या ढिगावर गुडघ्यांवर बसले होते. त्यांनी एकदा पाहिलं आणि जागीच उभ्या राहिल्या. दोन्ही हात पुढे धरलेले, बोटं ताठ. मी वाट पाहत होते की आता या पदर खोचतील, आता सांगतील हे कर, ते कर. एवढं सगळं ज्यांना येतं त्या माझ्यासमोर होत्या, म्हणून त्याही अवस्थेत मला धीर होता.

"आई, काय करू सांगा," मी म्हणाले.

त्या म्हणाल्या, "मला नाही माहीत गं. मला दोन्ही वेळा गुंगीचं औषध दिलं होतं. जाग आली तेव्हा पोरं पुसून पाळण्यात ठेवली होती. मी काहीच पाहिलेलं नाही."

मला आजही वाटतं, त्या दिवशी मला बसलेला सगळ्यात मोठा धक्का कळांचा नव्हता. तो या वाक्याचा होता. पायाखाली फरशी आहे असं समजून पाऊल टाकावं आणि खाली काहीच नसावं, तसं झालं.

शहाणपण सुचलं ते चिमटाताईंना. हॉटेलवाल्यांच्या निरोपांसाठी भिंतीवर फोन होता. त्यांनी दवाखाना लावला. तिकडून नर्सबाई बोलल्या, गाडी निघतेय, तोवर मी सांगते तसं करा. फोनची वायर काही आमच्यापर्यंत पोचेना. म्हणून नर्सबाई फोनवर सांगायच्या, ताई भिंतीपाशी उभ्या राहून ते मोठ्याने म्हणायच्या आणि सासूबाई करायच्या. यंत्रं चालू होती, त्यांच्या घरघरीत अर्धं ऐकू येईना. मग भट्टीवाल्या काकांनी सगळी यंत्रं बंद केली. त्यांना कुठे बघावं कळत नव्हतं. ते आमच्याकडे पाठ करून, दोन्ही हात वर करून एक चादर पडद्यासारखी धरून उभे राहिले. दारातून कुणी येणारही नव्हतं. तरी शेवटपर्यंत त्यांनी ती चादर खाली केली नाही.

"ओढायचं नाही म्हणतात," ताई सांगत होत्या. "नुसता हात खाली धरा. घसरतं म्हणतात बाळ, नीट धरा."

मला जाळ लागल्यासारखं झालं, आणि मग एकदम सगळं मोकळं. इतकं एकदम की मला वाटलं मीच बाहेर सांडले. सासूबाईंच्या हातात काहीतरी होतं. जांभळट, पांढुरकं माखलेलं, सैल. ते हलत नव्हतं.

यंत्रं बंद असलेला तो कारखाना मी कधी ऐकला नव्हता. पाणी ठिबकत होतं तेवढंच. बाळाचा आवाज नव्हता.

"रडलं का विचारतायत," ताई म्हणाल्या.

सासूबाई हातातल्या बाळाकडेच बघत होत्या.

"अहो आई, रडलं का?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या. मला ते बाळ हवं की नको, माझं की कुणाचं, हे काही मनात आलेलं नव्हतं. मला आई व्हायला वेळच मिळाला नव्हता. पण तो शब्द ऐकला आणि मला कळलं की हे जर रडलं नाही तर मी इथून उठणार नाही.

ताईंनी फोनमधलं ऐकलं आणि ओरडून सांगितलं, "पुसा म्हणतात. कोरडं करा. टॉवेलाने जोरात चोळा, पाठ चोळा. भिऊ नका म्हणतात, जोरात."

टॉवेल आमच्याकडे ढिगाने होते. माझ्या पाठीसाठी तापवलेली घडी टेबलावर तशीच होती, अजून गरम. सासूबाईंनी ती ओढली आणि बाळाला चोळायला लागल्या. आधी भीत भीत, मग जोराने. डाग काढताना त्या दात आवळून घासायच्या ना, अगदी तशा. टॉवेल ओला झाला की फेकून दुसरा घ्यायच्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात थांबत नव्हते. मी बाळाच्या पायाचा तळवा धरला होता. तो माझ्या अंगठ्याएवढा होता आणि थंड होता.

मग त्या पायाने मला ढकललं. अगदी हलकं. नंतर एक खाकरल्यासारखा आवाज झाला, त्यानंतर दुसरा, आणि मग ते रडलं. चिडून, बारीक आवाजात, थांबून थांबून. काकांच्या हातातली चादर थरथरायला लागली.

नर्सबाईंनी बाळाला आईच्या छातीवर ठेवायला सांगितलं, नाळ कापू नका म्हणाल्या. मुलगी होती. तिला माझ्या उघड्या छातीवर ठेवून वरून कोरडे टॉवेल घातले. मी हसले नाही की रडले नाही. माझे दात वाजत होते आणि मी छताकडे बघत होते. तेवढ्यात पुन्हा कळ आली.

"अजून काहीतरी येतंय," मी म्हणाले.

"जुळं आहे?" ताईंनी मलाच विचारलं, आणि मग फोनला विचारलं. पलीकडे नर्सबाई हसल्या असाव्यात. बाळामागून वार पडते, नाळ तिलाच जोडलेली असते, घाबरू नका, म्हणाल्या. वार पडते हेसुद्धा मला कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाईंनाही ते माहीत नव्हतं.

गाडी आली आणि आम्हाला घेऊन गेली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आम्हाला तपासलं आणि बोलणीही ऐकवली. कळा पाठीतही येतात हे एकाही बाईला ठाऊक नसावं, याचं त्यांना नवल वाटलं. चिमटाताईंनी मान खाली घातली. एरवी त्या कुणाचं ऐकून घेत नाहीत. बाळ ठीक आहे, पण श्वासाकडे लक्ष ठेवतो, म्हणून त्यांनी तिला काही तास काचेच्या पेटीत ठेवलं. माझा नवरा गाडी घेऊन मालाच्या फेरीवर गेला होता. तो संध्याकाळी पोचला. पेटीसमोर उभा राहून म्हणाला, "ही कुणाची?" त्याला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. तोही आमच्या अडाण्यांतच जमा झाला.

मग तिला माझ्याकडे आणून दिलं. ती झोपली होती. मी तिच्या नाकाखाली बोट धरलं. कोमट, बारीक वारा लागायचा, थांबायचा, परत लागायचा. थांबला की माझाही श्वास थांबायचा. नर्सबाई दोनदा म्हणाल्या, बाई, झोपा आता, ती घेते श्वास आपला आपण. मी हो म्हणायचे आणि बोट काढायचे नाही.

सासूबाई खाटेजवळ बसल्या होत्या. दवाखान्यात आल्यापासून त्यांनी कुणालाही काही सांगितलं नव्हतं. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "मी घेऊ का जरा?"

मी नको म्हणून मान हलवली. बाळ द्यायला माझा जीव धजेना. पण माझा हात दुखून आला होता आणि डोळे मिटत होते.

"बोट धरा नुसतं," मी म्हणाले.

त्यांनी पदराला हात पुसला, वाकल्या आणि माझ्या बोटाशेजारी आपलं बोट धरलं. सोड्याने चिरलेलं, जाड बोट. त्या बोटाला वारा कळतोय की नाही कोण जाणे, म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. वारा लागला तेव्हा त्यांच्या भुवया वर गेल्या. तेव्हा कुठे मी माझा हात काढून घेतला.