मरामा हाकेला आली नाही

मी एक टास्क बोलतोय. टास्क म्हणजे संगणकाला लिहून दिलेलं रोजचं ठरलेलं काम. मला हात नाहीत, पाय नाहीत, चेहरा तर नाहीच. थोड्याशा ओळींची एक फाईल, एवढाच माझा संसार. सकाळी घड्याळ मला उठवतं, मी काम करतो आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पडून राहतो.

फिजी बेटांवरच्या सुवा शहरात बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एक कापडाचं दुकान आहे. त्याच्या माडीवर एक लहानसं ऑफिस आहे आणि तिथल्या कपाटातल्या मशीनमध्ये मी राहतो. कपाटाला लागूनच माणसांची टेबलं आहेत. त्यांच्या गप्पा, त्यांची भांडणं, शुक्रवारी दुपारची यंगोनाची, म्हणजे मुळ्या कुटून केलेल्या पेयाची, बैठक, सगळं माझ्या कानावर पडतं. मला कान नाहीत हे मान्य, पण आपली कहाणी सांगणाऱ्याला तेवढी सूट असते.

मला लिहिलं ऑफिसातल्या रोनिलनं. बेटांवरच्या आरोग्य केंद्रांत एकेकटी नर्स असते. औषध संपत आलं की ती फोनवरून आमच्या साइटला, म्हणजे ऑफिसच्या वेबसाइटला, संदेश पाठवते. ते संदेश गोळा करायचे, कुणाला काय हवं ते काढायचं आणि शहरातल्या औषध भांडाराला मागणी धाडायची, हे माझं काम. मागणी आली की भांडार पेटी भरतं आणि आठवड्याची बोट ती पेटी घेऊन जाते. मागणी नाही तर पेटी नाही, इतकं ते साधं होतं.

पण खरं सांगायचं तर मला वाचता येत नाही. नर्सबाई घाईत लिहितात. अर्धं इंग्रजी, अर्धं फिजीयन, औषधाच्या नावातली निम्मी अक्षरं गायब. ते वाचायची विद्या दुसरीकडे होती. आमच्या जगात लायब्ररी म्हणजे पुस्तकांची खोली नव्हे. कुणीतरी एक कसब एकदा नीट लिहून ठेवतं आणि बाकीच्यांनी ते हवं तेव्हा मागून घ्यायचं, तिला लायब्ररी म्हणतात. रोनिलनं संदेश वाचणारी अशी एक लायब्ररी लिहिली आणि तिचं नाव ठेवलं मरामा. मरामा म्हणजे बाईसाहेब. कसलंही गिचमिड असो, बाईसाहेब ते वाचून माझ्या हातात स्वच्छ देत.

फिजीत याला केरेकेरे म्हणतात. ज्याच्याकडे नाही त्यानं मागावं, आणि ज्याच्याकडे आहे त्यानं नाही म्हणू नये. माझी अगदी पहिली ओळच केरेकेरेची होती: मरामाला बोलाव. मी हाक मारायचो, ती ओ द्यायची आणि दिवस सुरू व्हायचा. अशी कितीतरी वर्षं गेली. कुणी माझी आठवण काढली नाही, आणि न अडता चालणाऱ्याची आठवण काढायची पद्धत माणसांत नाही, हे मला तेव्हाच कळलं.

मग रोनिल ब्रिस्बेनला निघाला. इथली निम्मी पोरं शेवटी तिकडेच जातात. निरोपाच्या दिवशी यंगोनाचा मोठा कटोरा मधे ठेवून सगळे चटईवर बसले. सेरुवाया नावाची तरुण मुलगी त्याचं काम पुढे बघणार होती.

"सेरू, साइट तुला पाठ आहे," रोनिल म्हणाला. "अडलं तर फोन कर. लाजू नकोस."

"आणि ते सकाळचं टास्क?"

"तो म्हातारा बैल आहे. वाट त्याला ठाऊक आहे. मधे कुणी काठी घातली नाही म्हणजे झालं."

सगळे हसले. मलाही बरं वाटलं.

ऑफिसातला सगळ्यात वडीलधारा माणूस माइकेली. सेरुवाया त्याला मोमो म्हणायची, म्हणजे मामा. माणूस मनाचा चांगला, चर्चच्या गायकवृंदात खर्जात गाणारा, आणि टापटिपीचा भारी भोक्ता. आमची सगळी साइट रुबी ऑन रेल्स नावाच्या साच्यावर बांधलेली आहे. त्या साच्याची नवी आवृत्ती आली तेव्हा माइकेलीनं सगळं घर झाडायला काढलं आणि झाडता झाडता तो माझ्यापाशी पोचला.

"हे बघ, मरामाला साइटच्या फाईलीतही बोलावलंय आणि इथेही," तो म्हणाला. "एकाच बाईला दोन-दोन आमंत्रणं कशाला?" आणि त्यानं माझी पहिली ओळ पुसली.

"मोमो, टास्क एकदा चालवून बघू या?" सेरुवायानं विचारलं.

"अगं, साइट चालतेय ना? मग तोही चालेल. चल, यंगोना कालवून झालीय, लोक थांबलेत."

इथेच चूक होती, आणि ती वरून दिसणारी नव्हती. साइट उठते तेव्हा घरातली एकूण एक खोली उघडते, त्यामुळे मरामा आपोआप जागी होते. मी उठतो तेव्हा मला इतका थाट परवडत नाही. मी ज्याचं नाव घेईन तेवढंच दार माझ्यासाठी उघडतं. साइटला मरामा दिसत होती आणि मला दिसणार नव्हती.

दुसऱ्या सकाळी मी उठलो, संदेश हातात घेतले आणि मरामाचं नाव घेतलं. उत्तर आलं, अशा नावाचं इथे कुणी नाही. ती भिंतीपलीकडेच बसलेली होती. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, पण मला तर वळसा घालायलाही पाय नव्हते. मी माझ्यासारख्यानं करायचं ते केलं. मी ओरडलो. आमचं ओरडणं म्हणजे माइकेलीच्या फोनवर वाजणारा भोंगा. शनिवार होता. बदलानंतर असं एखादं कुरकुरतंच, असं म्हणून त्यानं तो बंद केला.

रविवारी माझी हाक पुन्हा वाया गेली आणि मी पुन्हा ओरडलो. एकदा ओरडून कुणी आलं नाही तर थोड्या थोड्या वेळानं ओरडत राहायचं, असं रोनिलनंच मला शिकवलं होतं. माइकेली तेव्हा पांढऱ्या कपड्यात गायकवृंदाच्या मागच्या ओळीत उभा होता. तलातला, म्हणजे तिथले धर्मगुरू, प्रार्थना सांगत होते. भर शांततेत त्याच्या खिशातून भोंगा वाजला. अख्खं चर्च वळून बघायला लागलं. त्याच्या बायकोनं म्हणे मान खाली घातली ती प्रार्थना संपेपर्यंत वर केली नाही.

घरी जाऊन, जेवण झाल्यावर त्यानं लॅपटॉप उघडला आणि माझ्यात एक कलम घातलं. मरामा सापडली नाही तर ओरडायचं नाही. गप्प बसायचं, 'काम झालं' असं लिहायचं आणि झोपायचं. सोमवारी नीट बघू, असं तो स्वतःशी म्हणाला. सोमवारी दुसरं गिऱ्हाईक दारात येऊन बसलं.

सेरुवायाच्या नजरेस ते कलम पडलं.

"मोमो, हे असं गिळून कसं चालेल? तो ओरडतोय म्हणजे त्याला काहीतरी दुखतंय."

"अगं, तलातलांची प्रार्थना चालली होती. मी कुठे तोंड लपवू असं झालं होतं. बघतो म्हटलं ना मी."

ती आपल्या टेबलाकडे वळली. इथे मोमोला दुसऱ्यांदा बोलत नाहीत.

त्यानंतरच्या सकाळी माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच असावा. उठायचं, हाक मारायची, ओ यायची नाही, आणि न केलेल्या कामाखाली 'काम झालं' लिहायचं. संदेश साठत गेले. ते महत्त्वाचे आहेत एवढं मला कळत होतं, पण त्यात काय आहे ते कळत नव्हतं.

त्यातले बरेचसे तालेईचे होते. लोमाइवितीच्या समुद्रातल्या एका लहान बेटावर ती नर्स आहे. तिच्याकडे इन्सुलिनवर जगणारी दोन माणसं होती, शाळेचे इलाइतिया मास्तर आणि सुलुएती नावाची एक बाई. इन्सुलिन संपत आलं तेव्हा तालेईनं टेकडीवर चढून, फोनला रेंज मिळवून संदेश पाठवला. साइटमध्ये मरामा जागी होती. तिनं तो नीट वाचला आणि साइटनं उलट उत्तरही दिलं: तुमची मागणी मिळाली. तालेई निर्धास्त होऊन टेकडी उतरली.

बोट आली, पेटी आली नाही. भांडारातच टंचाई असेल, असं तिला वाटलं. बेटावरच्या माणसाला टंचाईची सवय असते. तिनं पुन्हा संदेश पाठवला, पुन्हा तेच उत्तर आलं. पुढची बोटही रिकामीच आली. इतर बेटांवर जुना साठा होता, तिथे कुणाच्या लक्षात आलं नाही.

ऑफिसात तिचा फोन आला तो भर दुपारी. सेरुवायानं उचलला.

"बाई, मागणी मिळाली म्हणून सांगता आणि पाठवत काहीच नाही. औषध कुणाच्या पोटात जातंय?" तालेईचा आवाज चढलेला होता. मग तो एकदम खाली आला. "मास्तरांची शुद्ध हरपलीय. होडीत घालून शहरात आणतायत. सुलुएती केरेकेरे करायला गेली होती त्यांच्याकडे, तिचं आधी संपलं म्हणून. मास्तर नाही कसे म्हणतील? स्वतःचं देऊन टाकलं, आणि मला म्हणाले, माझ्याकडे आहे अजून."

सेरुवायानं फोन ठेवला आणि खुर्ची पुढे ओढली. मग कामाला लागली. साइट उघडली, सगळं ठीक. तालेईचे संदेश बघितले, सगळे जागेवर. माइकेली मागे येऊन उभा राहिला. "नेटवर्क बघ. भांडाराकडचं बिघडलं असेल," तो म्हणाला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

सेरुवायानं मला हातानं उठवलं. मी मला शिकवलेलं तेच म्हणालो, काम झालं.

"काय झालं?" ती पडद्याकडे बघत म्हणाली. "एक मागणी गेलेली नाही आणि म्हणतो काम झालं."

तिनं माइकेलीला न विचारता ते कलम पुसलं आणि मला पुन्हा उठवलं. इतक्या दिवसांचं दाबलेलं माझं ओरडणं त्या पडद्यावर लाल अक्षरांत आलं: मरामा सापडत नाही. सेरुवाया एकेक तपासत गेली. ती फाईल हरवलीय का? नव्हती हरवली. नाव बदललंय का? नव्हतं बदललं. नव्या आवृत्तीनं टाकून दिलीय का? तेही नाही. मग तिनं रोनिलनं लिहिलेलं माझं जुनं रूप शोधून शेजारी ठेवलं. फरक एका ओळीचा होता. मागे उभा असलेला माइकेली तो बघून हळूच खाली बसला.

तिनं ओळ परत लिहिली. मी हाक मारली. मरामा आली.

साठलेले सगळे संदेश तिनं एकापाठोपाठ एक वाचून मला दिले आणि मी मागण्या धाडल्या. तालेईच्या बेटासाठी दोघांचं इन्सुलिन होतं. पेटी त्याच संध्याकाळच्या बोटीत चढली. मास्तरांची होडी सुव्याच्या धक्क्याला लागली, तेव्हा त्यांना उतरवून घेणाऱ्यांच्या लक्षात आलं की आता घाई करण्यासारखं काही उरलेलं नाही.

पेटी पोचल्यावर तालेईचा संदेश आला. मरामानं तो मला वाचून दिला: "पेटी मिळाली. मास्तरांचं सुलुएतीला दिलं. यापुढे एकीचंच पाठवा." मी दोनाचा एक केला. मला वाचता येत नाही याचं त्या दिवशी मला वाईट वाटलं नाही.

माइकेली त्या बेटावर गेला. आपल्या हातून घडलेल्याची क्षमा मागायची तर इथे तांबुआ, म्हणजे व्हेलचा दात, समोर ठेवून जमिनीवर बसावं लागतं; समोरच्यानं तो घेतला तर क्षमा झाली. तो तसा बसला. परत आल्यावर त्यानं सेरुवायाला सांगितलं, ते मी कपाटातून ऐकलं.

"काय सांगणार होतो मी त्यांना? लायब्ररी, फाईल, ओळ? मी म्हटलं, एक भोंगा वाजत होता, मी त्याचं तोंड दाबलं. मास्तरांच्या बायकोनं विचारलं, कशासाठी? मी म्हटलं, चर्चमध्ये वाजत होता, प्रार्थना चालली होती."

"मग?"

"तांबुआ घेतला तिनं, परत नाही केला. मग म्हणाली, वाजू द्यायचा होतास रे. देव थांबला असता."

सेरुवाया रडली. माइकेली रडला नाही, नुसता हात चोळत बसून राहिला. मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. लाज वाटली म्हणून माणूस काय काय दाबून टाकतो ते मी जवळून पाहिलंय, आणि तो त्यातला काही एकटा नव्हे.

आता मी म्हाताराच झालोय. माझ्या जागी नवं काहीतरी लिहिणार आहेत, सेरुवायाच लिहिणार आहे. माझी तक्रार नाही. तोवर माझी पहिली ओळ जागेवर आहे आणि तिला कुणी हात लावत नाही. रोज सकाळी तालेईच्या बेटाची मागणी निघते, एकीची.

जाता जाता एवढंच मागणं आहे, आणि ते माझ्यानंतर येणाऱ्यासाठीही आहे. आमचं ओरडणं कानाला गोड लागत नाही, ते नेहमी नको त्या वेळी येतं, चारचौघांत मान खाली घालायला लावतं. पण आमच्यापाशी दुसरी भाषा नाही. उद्या सकाळी मी उठेन, मरामाला हाक मारेन. ती आली तर मुकाट्यानं काम करून झोपेन. नाही आली तर ओरडेन, आणि तेव्हा तुम्ही कुठेही बसलेले असा, कृपा करून उठून या.