कोलंबो लिहिलेली ट्रंक

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची ट्रंक आहे, आणि आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव चिडका आहे. जन्मतः नव्हता, पुढे झाला. माझ्या झाकणावर पांढऱ्या रंगात ठसठशीत अक्षरांत लिहिले आहे, 'मुरारी रावजी उतेकर, कोलंबो'. ते वाचून घरात येणारा प्रत्येक पाहुणा माझ्याकडे आदराने बघतो. त्याला वाटते, ही परदेश पाहून आलेली. कसला परदेश आणि कसले काय! मी साधा समुद्र पाहिलेला नाही. माझ्या पोटात सध्या नाचणीचे बियाणे आहे.

माझा जन्म १९५५ सालचा. महाडच्या बाजारपेठेत पत्र्याचे काम करणाऱ्या महिपतने मला घडवले. माझे कोपरे त्याने दोनदा ठोकले, कडीकोयंडा पितळेचा बसवला आणि हिरव्या रंगाचे दोन हात दिले. "बोटीवर जायची हाय ही, गंज लागता नये," असे तो शेजारच्या दुकानदाराला सांगत होता. मी ते ऐकले आणि फुशारले. बाजूला माझ्या चार बहिणी मांडलेल्या होत्या. त्या लग्नात लुगडी भरायला जाणार होत्या. मी मात्र बोटीवर जाणार होते.

मुरारी महाडच्या हायस्कुलात दहावीत शिकत होता. त्याची वाडी पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला. मुंबईच्या एका विद्यार्थी मंडळाने त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना महिनाभर लंकेत न्यायचे ठरवले होते. तिथल्या शाळा बघायच्या, मळे आणि शेती बघायची, तिथल्याच मुलांच्या घरी राहायचे, असा बेत होता. सगळ्या कुलाबा जिल्ह्यातून दोन मुले निवडली गेली, त्यांत मुरारी एक. त्याचा बाप रावजी आधी कुरकुरला. पावसाआधी शेतात पालापाचोळा पसरून राब भाजायचे, त्या कामाला घरातली सगळी माणसे लागतात. पण हेडमास्तर स्वतः डोंगर चढून वाडीत आले आणि रावजीचा नाइलाज झाला.

आता ऐका, घोडे कुठे पेंड खाते ते. आमच्या भागातून मुंबईला जाणारा माणूस एकटा कधी जात नाही. त्याच्याबरोबर अख्खी वाडी गाठोड्यांच्या रूपाने जाते. घरटी एक तरी माणूस मुंबईला गिरणीत किंवा गोदीत, त्यामुळे कोणी निघाला की प्रत्येक घरातून काहीतरी येते. आणि गाठोडे पोचवायचा नियम कडक आहे. ज्याचे त्याच्याच हातात द्यायचे, तिसऱ्याच्या हाती नाही. शिवाय नुसते देऊन निघायचे नाही. बसायचे, चहा प्यायचा, घरची खुशाली सांगायची आणि तिकडची ऐकायची. नियमात वाईट काही नाही. पण मुरारी मुंबईला जातच नव्हता, तो मुंबईवरून पुढे जात होता, हे वाडीला कोण सांगणार?

निघायच्या आदल्या दिवशी अंगण भरले. त्याची आई ठकूबाई एकेकाचे गाठोडे माझ्यात रचू लागली. वरीचे तांदूळ, कुळथाचे पीठ, आमसुले, फणसपोळ्या. जागा पुरेना तेव्हा मुरारीचे दोन सदरे बाहेर निघाले. प्रवासात पाहिलेले लिहून ठेवायला मास्तरांनी त्याला कोरी वही दिली होती, ती कुळथाच्या पिठाखाली गेली. शेवटी चंद्रभागाकाकी आली. ही नवरा गेलेली, एकटी राहणारी बाई. तिने घाटातल्या मधाची बरणी फडक्यात बांधून आणली होती.

"मुरारी, ही माझ्या पोराच्या, चांगूच्या हातातच दे रे. शिवडीला असतो तो."

"काकी, बोट सुटायची वेळ ठरलेली असते गो," मुरारी म्हणाला.

"मंग वाटेतच तर हाय मुंबई," काकी म्हणाली.

मला बोलता येत असते तर मी बोलले असते. मुरारीने बरणी घेतली आणि माझे झाकण त्याने गुडघा टेकवून लावले.

पोलादपूरहून एस्टीने आम्ही दिवसभराने मुंबईला पोचलो. हातात दोन दिवस होते. सात गाठोडी होती. लालबागच्या एका खोलीत वाडीची चौदा माणसे राहत, त्यांतला एक दिवसपाळीला, दुसरा रातपाळीला. ज्याचे गाठोडे तो नेमका कामावर. मग थांबा. चहा प्या, खुशाली सांगा, म्हशीला काय झाले ते सांगा. मुरारी मला खांद्यावर घेऊन जिने चढला आणि उतरला. माझ्या कडीने त्याच्या मानेवर वळ उठला. मला त्याची दया येत होती आणि रागही येत होता. अरे, कोणाच्याही हाती दे आणि नीघ, असे मी पत्रा वाजवून सांगत होते. तो ऐकत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकच गाठोडे उरले, चंद्रभागाकाकीचे. मुलांनी दोन वाजता धक्क्यावर जमायचे होते. आम्ही शिवडीला बाराला पोचलो. चांगू गोदीत कामाला गेलेला. शेजारचा म्हणाला, "ठेव इथं, मी देतो त्याला." मुरारीने बरणी पुढे केली आणि मागे घेतली. काकी एकटी आहे, तिने हातातच द्यायला सांगितले आहे, एवढेच त्याच्या डोक्यात. तो माझ्यावर बसला आणि वाट बघत राहिला. एक वाजला. दीड वाजला. चांगू दोन वाजून गेल्यावर आला, बरणी बघून हरखला आणि जेवल्याशिवाय सोडीना.

धक्क्याच्या फाटकाशी आम्ही धावत पोचलो तेव्हा तिथला शिपाई शांतपणे म्हणाला, "शिडी काढली, पोरा." भिंतीपलीकडून भोंगा वाजला. खारा वास आला. भिंत उंच होती, म्हणून सांगते, समुद्र मी पाहिला नाही. मुरारी रडला नाही. त्याने मला खाली ठेवले, उघडले, पिठाने माखलेली वही काढून झटकली आणि पुन्हा आत ठेवली.

घरी आल्यावर काय झाले असेल? कोणी हळहळले असेल? छे. रावजी म्हणाला, "गेली तर गेली. एक एस्टी चुकली तर दुसरी येते, बोट काय येणार नाय?" आणि वाडीने त्याचे कौतुक केले. सातही गाठोडी ज्याची त्याच्या हातात पोचली, पोरगा गुणाचा. ते कौतुक मुरारी खाली मान घालून ऐकायचा. बोट कशामुळे चुकली, ते त्याने कोणाला सांगितले नाही. मला याचाच सर्वांत जास्त संताप आहे. सांगितले असते तर निदान एकाला तरी कळले असते.

पुढे मी माळ्यावर गेले. मधाची बरणी वाटेत थोडी सांडली होती, त्या डागाला इतकी वर्षे मुंग्या येत राहिल्या. ठकूबाई माझ्यात कधी पापड ठेवी, कधी बियाणे. मुरारी शिकून महाडला मास्तर झाला. तो भूगोल शिकवायचा. सुट्टीत घरी आला की माळ्याकडे बघायचा नाही.

अकरा वर्षांनी, १९६६ साली, पुन्हा तशीच सहल निघाली. या वेळी निवड झाली आमच्याच वाडीतल्या हैबतीच्या मुलीची, आवडीची. ती मुरारीच्या वर्गात होती, आणि शाळेतल्या एक बाई सोबत जाणार होत्या. मुरारीने मला माळ्यावरून काढले, रॉकेलच्या बोळ्याने गंज घासला, उन्हात ठेवले. मित्रांनो, मला काय वाटले ते मी लपवत नाही. मला वाटले, आता माझी पाळी.

सकाळी हैबतीच्या अंगणात मी उघडी होते, आत आवडीचे कपडे नीट घडी घालून ठेवलेले. आणि एकेक जण येऊ लागला. हातात गाठोडी. सर्वांच्या मागून काठी टेकत चंद्रभागाकाकी आली, बरणी घेऊन. मुरारीने ती सगळी गाठोडी पाहिली. मग त्याने आवडीचे कपडे बाहेर काढले, एका कापडी पिशवीत भरले आणि म्हणाला, "ट्रंक इथेच राहील. ट्रंक दिसली की आपल्याला गाठोडी आठवतात."

"पोरीनं रिकाम्या हातानं जायचं?" काकीने विचारले.

"होय काकी. मागच्या खेपेला मी चांगूची वाट बघत बसलो आणि बोट गेली."

काकी काठीवर रेलून उभी राहिली.

"मधासाठी?" ती म्हणाली. "मध काय रे, रानात दर साली मिळतो. अकरा वर्सं मला सांगितलं का नाय?"

तिने माझे झाकण लावले, बरणी त्यावर ठेवली आणि ती स्वतः माझ्यावर बसली. मग कोणाला काही ठेवायला जागाच उरली नाही. आवडी पिशवी घेऊन डोंगर उतरून गेली. तिला वेळेवर बोट मिळाली.

मी चिडले का? चिडलेच. अजून चिडते. पण मुरारीचे बरोबर होते, हे मला पत्रा असूनही कळले.

महिन्याने आवडी आली आणि माझ्यावरच बसून बोलू लागली. तिथल्या घरातल्या एका मुलीने तिला विचारले होते, तुमच्या घरामागे डोंगर आहे म्हणतेस, तर त्याचे नाव काय? आवडीला सांगता आले नाही. जन्मापासून बघितलेला डोंगर, पण इथे कोणी विचारलेच नव्हते. ती पहिल्या दिवशी आल्या आल्या काकीकडे गेली आणि नाव विचारून आली. मुरारी ऐकत होता. त्याने आवडीला उठवून माझ्या तळाशी राहिलेली जुनी वही काढली. तिच्यावर अजून कुळथाचा वास होता. ती त्याने आवडीच्या हातात दिली आणि म्हणाला, "लिही."

म्हणून मुलांनो, उन्हाळ्यात अशी सहल निघाली तर जा. आपले घर कोणी परक्याने विचारल्याशिवाय आपल्याला पुरते दिसत नाही. आणि मोठ्या माणसांनो, जाणाऱ्याला जाऊ द्या. तुमचा मध रानात दर साली मिळतो.

त्या संध्याकाळी आवडीने माझ्या झाकणावर, 'कोलंबो'च्या खाली, खडूने लिहिले, 'जाऊन आले'. माझ्याबद्दल एकच मागणे आहे. मला पुसताना ओले फडके लावू नका.