अतीसचं नामकरण

दरड कोसळली तेव्हा देवकी मर्तोलियाचं अतीसचं वावर दरडीबरोबर नदीत गेलं. पोरांच्या पोटदुखीला या औषधी झाडाची कडू मुळी द्यायला गावात तेवढं एकच वावर होतं. आता अतीस उरलं होतं ते फक्त मुन्स्यारीच्या प्रयोगशाळेत: तिथल्या प्रतिमा पांगतीने पूर्वी मागून नेलेला एक कोंब. तेव्हा देवकी कुरकुरली होती, "बाटलीत घालून लोणचं करणार का?"

त्या कोंबाचे बारीक तुकडे प्रतिमाने निर्जंतुक बाटल्यांत, खरवसासारख्या घट्ट खाद्यावर वाढवले. त्यांची रोपं झाल्यावर एक ट्रे प्लॅस्टिकच्या झाकणासकट देवकीच्या हाती दिला.

"काखी, यांना बाहेरच्या हवेची सवय नाही. झाकण रोज थोडंथोडंच उघडायचं." देवकीला ती काकूच्या नात्याने काखी म्हणायची.

देवकी तसंच करत होती. पण अकराव्या दिवशी जाऊ खिमुली अंगणात आली. "पोराला अकराव्या दिवशी सूर्य दाखवतात. तू यांना कोंडून बसलीस होय? यांचं नामकरण नको?"

देवकीलाही पटलं. बायका जमल्या, रोपांना हळदीचं बोट लागलं, आणि ट्रे भर उन्हात उघडा ठेवला. गाणी संपेपर्यंत रोपांनी माना टाकल्या.

देवकीने प्रतिमाला फोन लावला.

"प्रतिमा, मारली गं मी तुझी लेकरं! सूर्य दाखवला."

"आधी सावलीत न्या. पाणी फवारा, झाकण घाला. रडायचं ते नंतर."

देवकीने सगळं केलं, तरी फोन ठेवेना.

"नाव काय ठेवलंत?" प्रतिमाने विचारलं.

"तुझंच."

"अगं बाई, म्हणजे उन्हात मीच पडले होते!"

संध्याकाळी निम्मी रोपं उभी राहिली, बाकीची काळवंडली. दुसऱ्या दिवशी प्रतिमा दुसरा ट्रे घेऊन दारात हजर.

"त्याच कोंबाची भावंडं. अजून पुष्कळ आहेत बाटल्यांत. तुम्ही दिला होतात म्हणून."

"मी कुठे दिला? तू मानगुटीवर बसून नेलास," देवकी म्हणाली. "फार बरं केलंस, पोरी."

तिने पिठ्याची, म्हणजे टिळ्याच्या गंधाची, वाटी आणली, दारातल्या उन्हातच प्रतिमाच्या कपाळी टिळा लावून वर अक्षता चिकटवल्या आणि हात तिच्या डोक्यावर बराच वेळ तसाच ठेवला.

"काखी, मला तरी सावलीत न्या," प्रतिमा म्हणाली.